पाहुण्यांना म्हसोबा कसा सांगायचा?

"बाई, हायसा का घरात?"

आक्कांची अशी हाक आली की मी गॅस बारीक करून मागच्या दारी जाते. आमच्या दोन घरांमध्ये मेंदीचं कुंपण आहे, कमरेएवढं. अलीकडे मी, पलीकडे आक्का, आणि वरून भिगवणातली यच्चयावत खबर येत-जात असते. त्या दिवशी आक्कांच्या हातात सूप होतं, सुपात तूर होती, पण लक्ष तुरीत नव्हतं. खड्यांबरोबर चांगले दाणेही कोंबड्यांना चालले होते.

"नातवाचं घर बघाया पावनं आलं व्हतं की काल. पुन्याचं."

"मग? पसंती?"

"पसंतीचं ऱ्हाऊ द्या. माझ्याच मळ्यात माझ्या देवाची पंचाईत झाली, ते आधी ऐका."

ऐकलं. जेवणं झाल्यावर पाहुण्यांना मळा दाखवायला नेलं. ऊस दाखवला, गोठा दाखवला, मग मंडळी विहिरीवर आली. काठाला लिंबाखाली सात दगड ओळीनं मांडलेले, शेंदूर लावलेले, आणि थोडं पुढं बांधाला एक थोराड दगड, तोही शेंदराचा. मुलीच्या आईनं सहज विचारलं, "हे काय आहे?"

झालं! आक्कांचा मुलगा खताच्या दुकानाचा मालक, गावात वजन असलेला माणूस. तो घाईघाईनं म्हणाला, "काही नाही हो, गडीमाणसांचं असतं ते. आमच्यात तसलं काही नसतं." नातू इंजिनियर. बापाचं बोलणं त्याला लागलं असावं. तो म्हणाला, "त्यामागं शास्त्र आहे. पाणी कुणी घाण करू नये म्हणून पूर्वजांनी देवाची भीती घातली." आणि मुलगी म्हणाली, "किती छान! म्हणजे तुम्ही निसर्गपूजक!" आणि तिनं फोटो काढला.

"तिघांनी तीन सांगितलं," आक्का म्हणाल्या. "एकाला लाज वाटली, एकानं साळा घेतली, आन तिसरीनं फोटू काढला. लगीन होऊन आले तवापासनं त्या सातजनींची वटी मी भरती. मला कुनी इचारलं न्हाई."

"मी विचारते. तुम्ही काय सांगितलं असतं?"

आक्का गप्प झाल्या. हे क्वचित घडतं. सुपातली तूर दोनदा पाखडून झाली.

"सांगायचं काय त्यात? आसरा हायती त्या. पानी त्येंचं हाय, आपन वापरतो. मंग त्येंचं त्येंना द्यायला नको?"

आता माझं आयुष्य फळ्यापुढं गेलं आहे. कुणी एका वाक्यात उत्तर दिलं की चुकलेलं असणार, असं वाटायची सवय. पण हे उत्तर मी मनात तपासून पाहिलं आणि त्यात खोडायला काही सापडेना.

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. नदीचा डोह, विहीर, तळं, जिथं म्हणून खोल पाणी तिथं त्या असतात. त्यांना देऊळ लागत नाही, मूर्ती लागत नाही. सात गोटे पुरतात. हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, खण, दहीभाताचा नैवेद्य. जवळपास राखणीला म्हसोबा असतो बहुतेक. विहिरीला पहिलं पाणी लागलं की खोदणारे आधी त्यांची पूजा करतात, मग घोटभर पितात. अॅन फेल्डहाउस नावाच्या अमेरिकन बाईंनी महाराष्ट्रातल्या नद्यांबद्दलच्या श्रद्धांवर 1995 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं, नदीला बाई का मानतात यावर. आक्कांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग काय बाप्या मानायचं? पानी कोन भरतं?"

"पण आक्का, पाहुण्यांना हे एवढंच सांगून कळलं असतं का?"

"कळंल न्हाईतर न कळंल. पर खरं तर सांगावं. पोरगं म्हनलं, गडीमानसांचं. आरं, ज्या सालात विहीर पाडली त्या साली तुझा बा सोताच्या हातानं नारळ फोडत व्हता, त्यो काय गडी व्हता?"

आक्कांचा मुलावरचा राग समजण्यासारखा होता. पण मला त्याची दयाही आली. शेंदराच्या दगडाची लाज ही काही त्यानं एकट्यानं कमावलेली नाही. आधी शाळेत आमच्यासारख्या बाई-मास्तरांनी ती लावली. त्याआधी साहेबाच्या पुस्तकांनी लावली, आणि त्याच्याही आधी थेट तुकोबांनी.

तेवढ्यात नाना आले. आक्कांचे मालक, गळ्यात माळ, पंढरीची वारी चुकवत नाहीत. तुकोबांचं नाव ऐकून थांबले.

"तुकोबारायांनी शेंदरी दैवतांची चांगली हजेरी घेतलीया, बाई. जाखाई, जोखाई, मेसाई, कुनाला सोडलं न्हाई."

"मग नाना, ऊसतोड सुरू व्हायच्या आधी बांधावरच्या म्हसोबाला नारळ कोण फोडतं?"

"मीच की."

"मग हे कसं?"

नानांना मुळीच अडचण पडली नाही. "इठ्ठल पंढरीला. त्यो काय माझा ऊस राखाया येनाराय? इठ्ठल जल्माचा देव हाय, म्हसोबा बांधाचा. तलाठ्याचं काम कलेक्टरकडं न्हेत न्हाई आपन."

मी म्हटलं, "नाना, तुमचा कलेक्टरसुद्धा मूळचा बांधावरचाच, असं ढेरे म्हणतात." रा. चिं. ढेऱ्यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ 1984 मध्ये लिहिला. विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा, गाईगुरं राखणाऱ्यांचा देव असावा आणि पुढं तो वैष्णवांनी आपला केला, अशी त्यातली मांडणी. मला वाटलं नाना चिडतील. नाना खूश झाले. "म्हंजे आपल्यातलाच निगाला की!" म्हणाले आणि चहा मागायला आत गेले.

आक्का तुरीकडं वळल्या. "पर बाई, त्या दगडांचं एक त्या पोरीला ठावं न्हाई. त्ये दगड हितलं न्हाईत."

ही गोष्ट मला माहीत होती, तरी मी ऐकली. कुंपणावरच्या गोष्टी दुसऱ्यांदा ऐकायच्या असतात. दरवेळी त्यात एखादा नातेवाईक वाढतो.

आक्कांच्या सासरचं जुनं घर भीमेच्या काठाला होतं, जमीनही तिथंच. 1980 साली उजनी धरण पुरं झालं आणि पाणी मागं सरकत सरकत इकडं आलं. पळसदेव, कुंभारगाव, डिकसळ, काठाकाठानं गावं उठली. सरकारी कागदावर घराचे पैसे होते, झाडाचे होते, विहिरीचेही होते. आसरांचा रकाना नव्हता. मग आक्कांच्या सासूबाई शेवटच्या दिवशी नदीवर गेल्या, सात गोट्यांना आंघोळ घातली, नव्या खणात बांधले आणि बैलगाडीत भांड्यांच्या वर ठेवले. गाडीत सगळ्यांत उंच जागा त्यांची. वर माळावर नवी विहीर खोदली तेव्हा पाण्याआधी त्या बसल्या.

"सासूबाई काय म्हनाल्या ठावं हाय? 'पानी आमाला हुसकून लावतंय, पर पान्याची मालकीन आमच्याबर हाय. ती न्हाई हुसकत.'"

पळसदेवचं तर सगळ्यांना ठाऊक. जुन्या गावातलं पळसनाथाचं दगडी देऊळ पाण्याखाली गेलं, गाव हायवेकडं सरकलं, तिथं नवं देऊळ झालं. पण उन्हाळ्यात उजनी फार खाली गेली की जुनं शिखर वर येतं आणि लोक होडीनं, चिखलातून, जसं जमेल तसं दर्शनाला जातात. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे पातळीत गेलं तेव्हा किती गर्दी! दुष्काळ पडला म्हणून हळहळायचं की देव दिसला म्हणून हात जोडायचे, अशी पंचाईत. लोकांनी दोन्ही केलं.

आता ही देव हलवण्याची रीत आपली आजची नाही. वीरच्या म्हस्कोबाची गोष्ट काय सांगतात? तो सोनारीहून धनगर भक्तामागून आला. भक्त म्हातारा झाला, इतक्या लांबच्या वाऱ्या होईनात, तर देवच निघाला त्याच्या पाठीमागं. गुंथर सोन्थायमर नावाचा एक जर्मन अभ्यासक पुण्यात येऊन मराठी शिकला, धनगरांच्या वाड्यांवर बसून त्यांच्या ओव्या ऐकल्या, उतरवून घेतल्या. 1976 मध्ये त्याचं जर्मन पुस्तक आलं, त्याच्या नावातच तीन देव : बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा. त्या ओव्यांत देव सतत चालत असतो. कुठून निघाला, कुठं पाणी प्याला, कुणाच्या वाड्यावर भांडला, कुठं त्याला जागा आवडली. धनगराला त्याचा देव समजावून सांगायचा असेल तर तो वाट सांगतो.

"म्हणजे आक्का, पाहुण्यांनी विचारलं 'हे काय', तर बैलगाडीपासून सांगायला हवं होतं."

"आवो, पर त्येंना पुन्याला परत जायचं व्हतं!"

हेही खरं. आपला देव सांगायला वेळ लागतो आणि पाहुण्याला गाडी गाठायची असते. म्हणून माणूस तयार माल उचलतो. आक्कांच्या घरी त्या दिवशी तीन तयार उत्तरं दिली गेली. मी त्यांचा विचार करत राहिले, आणि करता करता माझ्या लक्षात आलं की यातलं प्रत्येक उत्तर मी स्वतः वर्गात कधी ना कधी दिलेलं आहे.

नातवाचं शास्त्राचं उत्तर घ्या. ऐकायला किती बरं! नागपंचमीला जमीन नांगरायची नाही, कारण नाग उंदीर खातो. घटस्थापनेला मातीत धान्य पेरायचं, कारण ती बियाणाची उगवणचाचणी. आसरा म्हणजे पाणीपुरवठा खात्याचा फलक. पण मग हिरव्या बांगड्या कशाला? पाणी स्वच्छ ठेवायला बांगडी लागत नाही. आणि उद्या ग्रामपंचायतीनं क्लोरिनची पावडर टाकली की आसरांना निरोपाचा नारळ द्यायचा का? आक्का नवरात्रात घटाभोवती शेतातली माती घालून धान्य पेरतात, दसऱ्याला ते पिवळे कोवळे अंकुर नानांच्या टोपीत खोवले जातात. त्यावरून कुणी कधी बियाणाची पिशवी दुकानात परत केल्याचं ऐकिवात नाही, आणि दुकान घरचंच आहे!

मुलीचं उत्तर गोड. निसर्गपूजक! पण आक्कांनी निसर्गाची पूजा केल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यांच्या मळ्यात लिंबं पुष्कळ. त्यातली दोन गेल्या साली सरपणाला गेली. विहिरीवरच्या लिंबाची मात्र वाळकी काडी कुणी घेत नाही. उसावर औषध मारताना त्यांचा हात थरथरत नाही. पंप विहिरीत धुवायला गेलेल्या गड्यावर मात्र त्यांनी अशी तोफ डागली होती की मला कुंपणापलीकडं ऐकू आली. सगळा निसर्ग देव, असा उदार हिशेब इथं नाहीच. ही विहीर, हा लिंब, हा बांध, आणि या जागेचा एक मालक. सह्याद्रीतल्या देवरायांचंही असंच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात त्या पायी हिंडून नोंदवल्या. राईत पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही, तोडायचं झालं तर देवाला कौल लावायचा. आणि राईच्या हद्दीबाहेर कुऱ्हाड नेहमीसारखी चालायची. हद्द आहे म्हणून तर राई उरली.

"पर पोरगी बरी हाय," आक्का मध्येच म्हणाल्या.

"का? तुम्हीच तर आत्ता फोटोवरून—"

"फोटू काढला, पर आधी चपला काढल्या. कुनी सांगितलं नव्हतं. तिची आई तशीच सँडल घालून हुबी."

मी आक्कांकडं बघतच राहिले. सोयरिकीचा निकाल इथं लागला होता तर! त्या मुलीनं तोंडानं सांगितलेला अर्थ आक्कांना पटला नव्हता, पण पायांनी केलेलं बरोबर होतं. आणि या देवांकडं पाय बघतात. तुझा विश्वास आहे का, असं म्हसोबा विचारत नाही. नानांसारखा माळकरी चालतो, माझ्यासारखी देवपूजेचा कंटाळा असलेली चालते. तिथं चपला काढल्या का, पहिलं पाणी दिलं का, ठरलेलं ठरल्या दिवशी पोचलं का, एवढाच हिशेब. कुळानं मालकाला खंड घालावा तसा हा व्यवहार : मालकावर प्रेम असलंच पाहिजे असं नाही, पण जमीन आपल्या बापाची आहे असं म्हणायचं नाही.

"म्हंजे म्हसोबा मालक, आमी कुळं? कुळकायदा लागू न्हाई का त्येला?" नाना चहाचा कप घेऊन परत आले होते.

हसून झालं. मग मी म्हटलं, आपण एकमेकांत गोड बोलतो आहोत, पण या देवांची दुसरीही बाजू पाहुण्यांना सांगायची की नाही? विटाळात बाईनं विहिरीकडं फिरकायचं नाही, हा नेमही आसरांच्याच नावानं चालायचा. आक्का म्हणाल्या, "म्या त्यो सुनंला लावला न्हाई. सात बायाच हायती त्या, त्येंना काय ठावं न्हाई?" हा धर्मसुधारणेचा ठराव विहिरीवर कधी पास झाला, गावात कुणाला पत्ता नाही.

मरीआईचं तर विचारूच नका. पटकी आली की मरीआई कोपली. मग आषाढात तिचा गाडा काढायचा, वाजतगाजत शिवेवर न्यायचा. शिवेपलीकडं कोण? शेजारचं गाव. ते तिला पुढच्या शिवेवर नेणार. असा आमचा शेजारधर्म! आणि गाड्यापुढं कोण, तर अंगावर कोरडे ओढून घेणारा पोतराज. देवी सगळ्या गावाची, रक्त एकाच वस्तीचं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर कितीतरी घरांनी देव्हाऱ्यातले टाक आणि दगड नदीत सोडले. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवायला एक मावशी होत्या, बौद्ध वस्तीतल्या. मी एकदा त्यांना मरीआईचं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आमची आजी म्हनायची, देवी सोडली त्याच्याबर पाळी बी सुटली." म्हणजे मरीआईच्या सेवेची पाळी. लांबून ज्याला 'मातीतला धर्म' म्हणून कौतुकानं बघावं, त्यात ती माती कुणाच्या हाताला लागत होती, हे त्या मावशींनी एका ओळीत सांगितलं.

जोतीराव फुल्यांनी तर 1873 च्या 'गुलामगिरी'त सगळा डावच उलटा मांडला. खंडोबा, म्हसोबा हे बळीराजाच्या राज्यातले अधिकारी होते, म्हणाले. इतिहास म्हणून ते कुणाला पटो न पटो. पण ज्या दगडाची शिकलेल्यांना लाज वाटत होती त्याला फुल्यांनी हुद्दा दिला. आणि दामोदर कोसंबी! एवढा मोठा गणिती, पुण्याच्या आसपास काठी घेऊन हिंडायचा आणि तिठ्यावरच्या, माळावरच्या शेंदराच्या देवी बघायचा. 1962 मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यात त्यानं दाखवलं की यांतली पुष्कळ ठाणी जुन्या गुराख्यांच्या वाटांवर, वाटा एकत्र येतात तिथं आहेत. आसपास गारगोटीची बारीक आदिम हत्यारंही सापडतात. त्यातच त्यानं आणखी एक गंमत नोंदवली. एका ठिकाणी देवी महिषासुराला मारते, आणि दुसरीकडं त्याच म्हसोबाशी जोगुबाईचं लग्न लागलेलं असतं.

"ज्येला मारला त्येच्याशीच लगीन?" आक्का.

"कोसंबी म्हणतात, दोन वेगळ्या टोळ्यांचे देव. आधी भांडण, मग सोयरीक."

"आमच्याकडं आधी सोयरीक आसती, मंग भांडान," नाना म्हणाले आणि कप घेऊन परत आत गेले.

मी मात्र एक अवघड विषय काढायचा ठरवला होता. 21 मे 2024 ला उजनीत कुगावहून कळाशीकडं येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. त्या आठवड्यात आमच्या बाजारात मी कानांनी ऐकलं, 'पाण्यानं माणसं घेतली.' मला तेव्हा फार राग आला होता. पाहुण्यांसमोर आसरांचं कौतुक सांगायचं आणि बोट बुडाली की त्यांच्याच नावावर खपवायचं, हे कसं?

आक्कांनी सूप खाली ठेवलं.

"तसं म्हननारं मूर्ख हायती. पानी कुनाला बलवायला जात न्हाई. वारं सुटलं की नाव घालायची न्हाई, ह्यो बी आसरांचाच नेम हाय, जुनी भोई मानसं पाळायची. आन आता तर ती जाकीटं निगालीत न्हवं? मंग ती घालायची. देवाचं नाव घेऊन मानसानं आपलं काम टाळायचं न्हाई."

देवऋष्याबद्दलही आक्कांचं असंच मत. खाली वाडीवर एक जण मोबाइलवर कौल देतो अशी खबर त्यांनीच मला दिली होती. मी त्यांना 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा सांगितला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर तो आला. आक्कांना वाटायचं त्यात ओटी भरणंही गुन्हा आहे. नाही हो! नेहमीची पूजाअर्चा, वारी, जत्रा याला तो कायदा हात लावत नाही. भीती घालून लुबाडणाऱ्याला, अंगात आलं म्हणून दुसऱ्याला मारहाण करणाऱ्याला तो धरतो. "मंग त्या मोबाइलवाल्याला धरा की," आक्का म्हणाल्या, "आसरांनी बी टाळ्याच वाजिवल्या आसत्या."

एव्हाना ऊन कुंपणावर आलं होतं आणि माझी आमटी आटत होती. पण आक्कांना आता वेगळाच प्रश्न पडला होता. "बाई, तुमी मागं शिरगनतीला आला व्हता. तवा धर्माच्या खान्यात काय लिवलं व्हतं आमचं?"

"हिंदू. तुम्हीच सांगितलं होतं."

"त्ये बराबरच हाय. पर आसरांचं लिवत न्हाईत कुठं?"

आक्कांचं त्यावाचून अडलं नव्हतं. इकडं म्हसोबा, विठ्ठल आणि सत्यनारायण एकाच घरात सुखानं नांदतात. पण सगळीकडं असं नाही. झारखंड आणि आसपासचे आदिवासी सालवृक्षांच्या राईत पूजा करतात, ती राई म्हणजे सरना. 2011 च्या जनगणनेत 49 लाखांहून जास्त लोकांनी धर्माच्या रकान्यात 'सरना' असं लिहवून घेतलं, छापील यादीत नसताना. नोव्हेंबर 2020 मध्ये झारखंडच्या विधानसभेनं त्यासाठी वेगळ्या रकान्याचा ठराव केला. आणि ओडिशातल्या नियमगिरीला तर लोकांनी आपला देव थेट न्यायालयालाच समजावून सांगितला. तिथल्या डोंगरात बॉक्साइटची खाण व्हायची होती. डोंगरिया कोंध म्हणाले, हा डोंगर आमचा नियमराजा. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गावसभांनाच विचारा. बारा गावसभा भरल्या. बाराही गावांनी खाण नको म्हटलं, आणि खाण झाली नाही.

"बाराच्या बारा? आमच्या गिरामसभेत बारा मानसं येत न्हाईत."

"न्यूझीलंडमध्ये तर आक्का, नदीलाच माणसासारखे हक्क दिलेत. व्हांगानुई नावाची नदी. तिथले मूळचे माओरी लोक तिला आपली पूर्वज मानतात. 2017 मध्ये तसा कायदा झाला. तिच्या वतीनं बोलायला दोन माणसं नेमलेली आहेत."

"आन आपल्याकडं?"

"त्याच वर्षी उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेबद्दल तसं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली."

आक्का विचारात पडल्या. आता उजनीचं पाणी कसं आहे ते भिगवणात सांगायला नको. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि आमच्याजवळ येऊन थांबतं. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला मोटारी भरभरून येतात, लांब लेन्सा लावून गुलाबी पक्षी टिपतात. पाण्याचा हिरवा रंग फोटोत चांगला दिसतो. ज्या पाण्यात पूर्वी बायका पाय धुवायलाही आधी नमस्कार करून उतरायच्या, त्यात आता उतरायलाच नको वाटतं.

"आसरा कोपत न्हाईत का हो आता, बाई?"

"तुम्हीच सांगा."

"कोपून कुनावर कोपायचं? त्यो घान करनारा तिकडं पुन्यात फ्लॅटात ऱ्हातो. त्येला आसरा म्हंजे काय, ठावं न्हाई. कोप लागायला तरी वळख पायजे."

कुंपणावर आजवर झालेल्या बोलण्यात मला हे सगळ्यांत मोलाचं वाटलं. आपण आपले देव दुसऱ्याला समजावून सांगायचे ते त्यानं हात जोडावेत म्हणून नव्हेच. ज्याचं सांडपाणी आपल्या विहिरीपर्यंत पोचतं, त्याला इथं कुणाचं तरी पाणी आहे एवढं कळावं म्हणून. पुण्याची मुलगी घरात आली तर त्या बाजूला निदान एक ओळखीचं माणूस होईल!

"तुमी एक करा," आक्का म्हणाल्या, "त्या प्रदूषनवाल्यांना अर्ज लिवा. शुद्ध भाषेत."

"कुणाच्या नावानं?"

"आसरांच्याच की. अर्जदार साती आसरा. पत्ता, जुनं गाव, उजनीच्या पान्याखाली."

"आणि सही? तिकडं दोन माणसं नेमलीत म्हटलं ना."

"दोन आपन हावोत की! म्या करती सही, अंगठा न्हाई. दुसरी तुमची." मग आवाज खाली आणून, "आन सोबत एक प्रत त्या पोरीच्या आईला बी धाडा. सँडलवालीला. ती पुन्याच्या म्हानगरपालिकेत साहेब हाय म्हनं."

हे त्या आत्ता सांगत होत्या!

"आक्का, ही खबर आधी का नाही सांगितलीत?"

"आवो, सगळं एकदम सांगितलं तर उद्या कुंपनाव काय बोलायचं?"